वाचकांचे प्रश्न : तीन-चार वर्षांपूर्वीचा भारी फोन आज घ्यावा का?

दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये दुकानदारांकडे जमा झालेले जुने हँडसेट पुसून, वरून नवी काच चिकटवून आता पुन्हा काउंटरवर आले आहेत. त्यामुळे या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात. कंपनीचे एके काळचे सर्वांत वरचे मॉडेल, ज्याला फ्लॅगशिप म्हणतात, ते आज निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल तर घ्यावे की नाही, हा तो प्रश्न. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिक्षिका असून रोज बसने जांबोटीच्या पुढे जाते. माझा फोन आता फार अडखळतो. बेळगावातील एका दुकानात सॅमसंगचा जुना गॅलक्सी एस२२ एकवीस हजारांना आणि एस२३ एकोणतीस हजारांना सांगितला. नवा गॅलक्सी ए२६ चोवीस हजारांत मिळतो आहे. स्नेहसंमेलनात मागच्या बाकावरून मुलांचे फोटो नीट यावेत, बँकेचे व्यवहार निर्धास्तपणे करता यावेत आणि फोन किमान चार वर्षे चालावा, एवढीच अपेक्षा आहे. यजमान म्हणतात, जुना असला तरी भारीतला घे. मुलगा म्हणतो, नवाच घे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या तीन अपेक्षांपैकी पहिली यजमानांच्या बाजूने बोलते आणि उरलेल्या दोन मुलाच्या बाजूने. म्हणून आधी दोघांचे म्हणणे कुठवर खरे आहे ते पाहू.

यजमानांचे म्हणणे फोटोंपुरते बरोबर आहे. एस२२ आणि एस२३ या दोन्हींत तीनपट जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स आहे. मधल्या किमतीच्या बहुतेक नव्या फोनना ती नसते. तिच्या जागी दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळच्या वस्तू टिपणारा, कॅमेरा बसवून मागच्या बाजूला तीन वर्तुळे पुरी केलेली असतात. त्या तिसऱ्या वर्तुळाचा उपयोग मला अजून सापडलेला नाही. मागच्या बाकावरून रंगमंचावरच्या मुलीचा चेहरा टिपायचा असेल, तर लेन्सने जवळ आणलेले चित्र आणि नुसते कापून मोठे केलेले चित्र यांतला फरक छापील प्रतीत लगेच कळतो.

पण फोन चार वर्षे वापरायचा असेल, तर कॅमेऱ्याच्याही आधी त्याचे सुरक्षा अपडेट कधीपर्यंत येणार हे पाहावे लागते. एस२२ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्याला अँड्रॉइडच्या चार आवृत्त्या आणि पाच वर्षांचे सुरक्षा अपडेट देण्याचे कंपनीचे आश्वासन होते. तो अँड्रॉइड १२ घेऊन आला, म्हणजे अँड्रॉइड १६ ही त्याची शेवटची आवृत्ती, आणि सुरक्षा अपडेटची मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते. एस२३ ला हाच हिशेब लावला तर ती २०२८ च्या सुरुवातीला संपते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ए२६ ला मात्र सहा वर्षांचे आश्वासन आहे, ते २०३१ पर्यंत पुरते. सांगितलेल्या किमतीला उरलेल्या वर्षांनी, म्हणजे साधारण एक, दोन आणि पाच यांनी, भागून पाहावे. एस२२ चे वर्षाला जवळजवळ एकवीस हजार पडतात, एस२३ चे साडेचौदा हजार आणि ए२६ चे पाच हजारांच्या आत. हा भागाकार दुकानदार करून दाखवत नाही, म्हणून तो घरूनच करून जावे.

अपडेट बंद झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन बंद पडतो, असे मुळीच नाही. फोन लागतो, फोटो निघतात, बँकेचे ॲपही पुष्कळ दिवस चालते. मात्र त्यानंतर सापडणाऱ्या त्रुटी बुजवायला कोणी येत नाही, आणि ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा संदेश येतो त्यावर ती जोखीम दोन-तीन वर्षे वागवावी, असा सल्ला मी देणार नाही.

एस२२ बाबत आणखी एक आक्षेप आहे आणि तो आपल्या रोजच्या प्रवासाशी जोडलेला आहे. त्याची बॅटरी मुळातच ३७०० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे लहान. ए२६ ची ५००० ची आहे. शिवाय भारतात विकल्या गेलेल्या एस२२ मधील स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही चिप कामाला लागली की बरीच तापते. पुढच्या वर्षीच्या एस२३ मधली स्नॅपड्रॅगन ८ जेन २ दुसऱ्या कारखान्यात, तैवानच्या टीएसएमसीकडे तयार झाली आणि ती बऱ्यापैकी थंड राहते, म्हणून एका वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन फोनांत कागदावर वाटतो त्यापेक्षा जास्त फरक आहे. आता जांबोटी सोडल्यावर कणकुंबीकडे जाणारा जंगलातला रस्ता डोळ्यांसमोर आणावा. टॉवर लांब गेला की फोन आपला आवाज पोहोचवण्यासाठी जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो आणि रेंज पूर्ण गेली की ती पुन्हा पुन्हा शोधत राहतो. आपण फोन पर्समधून बाहेरही काढत नाही, तरी शाळेत पोहोचेपर्यंत चार्जिंग उतरलेले असते. चार वर्षे वापरलेल्या लहान बॅटरीला हे झेपत नाही. फोन कोणताही घेतला तरी त्या रस्त्यावर ५जी बंद करून ४जीवर ठेवावा, थोडा फरक पडतो.

बॅटरी बदलून घेता येते, हे खरे आहे. पण त्याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्याजवळ असाच एक जुना वरच्या दर्जाचा हँडसेट होता, पाण्यापासून संरक्षणाचे आयपी६८ मानांकन असलेला. एका दुरुस्तीच्या दुकानातून मी त्याची बॅटरी बदलून घेतली. काम व्यवस्थित झाले, फोन दिवसभर टिकू लागला. पुढे जुलैच्या झडीत, पूर्वीच्याच भरवशावर, तो स्कूटरच्या होल्डरला लावून मी टिळकवाडीहून अनगोळपर्यंत गेलो. घरी येऊन पाहतो तो कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ धरलेली, आणि काचेच्या कडेला बारीक थेंब. मागचे झाकण एकदा उघडले की पाणी अडवणारी चिकट पट्टी तुटते. ती नव्याने आणि नीट बसवली नाही तर मानांकन नावापुरतेच उरते, हे मला त्या दिवशी कळले. न उघडलेल्या फोनमध्येही ती पट्टी वर्षागणिक सैल पडत जाते. आपल्याकडचा पावसाळा आणि खानापूरच्या पश्चिम भागातला पाऊस ध्यानात घेता, जुन्या फोनचे पाणीरोधक असणे हा गुण किमतीत धरूच नये.

तेव्हा माझे मत असे, की एकवीस हजारांना एस२२ घेऊ नये. निवड या दोन नव्या-जुन्या फोनांपुरतीच असेल तर मुलाचे ऐकून ए२६ घ्यावा आणि संमेलनात पुढच्या बाकावर जागा धरावी. मात्र एस२३ साठी एकोणतीस हजार मोजण्याची तयारी असेलच, तर जुन्या एस२४ ची किंमतही विचारावी. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्या मालिकेपासून कंपनीने मुदत सात वर्षांची केली, म्हणजे ती २०३१ पर्यंत जाते, आणि तीनपट टेलिफोटोही त्यात आहे. भारतात सुरुवातीला विकल्या गेलेल्या साध्या एस२४ मध्ये स्नॅपड्रॅगनऐवजी सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस २४०० ही चिप आहे, तेवढ्यासाठी त्याला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. आपल्या वापरासाठी ते कारण पुरेसे नाही. भागाकारात यजमान आणि मुलगा दोघेही ज्यावर राजी होतील असा जुना फोन मला हा एकच दिसतो.

दुकानात पाहताना हँडसेट कव्हर काढून काचेच्या काउंटरवर पालथा ठेवावा आणि कोपऱ्यांवर हलकेच बोट दाबावे. तो डुगडुगत असेल किंवा मागची काच कडेला किंचित उचललेली दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे. तेथे घासाघीस न करता परत फिरावे. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र आणून उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ आहे का ते पाहावे. मग आपले बोट नोंदवून काचेखालचा फिंगरप्रिंट चालतो का तेही पाहावे, कारण नकली डिस्प्ले बसवलेला असला तर बहुतेकदा पहिल्यांदा तोच दगा देतो. सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग मेंबर्स या ॲपमध्ये टच, स्पीकर, बॅटरी यांच्या चाचण्या दिलेल्या असतात. त्या दुकानातच, दुकानदाराच्या समोर करून घ्याव्यात. त्याला घाई असेल तर आपण आणखी सावकाश कराव्यात.

प्रश्न : आमचे निपाणीत दुकान आहे. मुलगा यंदा कोल्हापूरला कॉलेजात गेला आणि त्याने आयफोनचा हट्ट धरला आहे. जुना आयफोन ११ परवडतो. आयफोन १३ महाग आहे, पण त्याची बॅटरी हेल्थ, म्हणजे बॅटरीच्या मूळ क्षमतेपैकी उरलेला भाग, शंभर टक्के आहे असे विक्रेत्याने उघडून दाखवले. अधिक पैसे द्यावेत का?

उत्तर : घ्यायचाच असेल तर १३ घ्यावा, मात्र त्या शंभर टक्क्यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आयफोन ११ हा २०१९ चा फोन असून त्यात ५जी मुळातच नाही. ॲपलने ५जी पहिल्यांदा आयफोन १२ मध्ये दिले. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि आयफोन १२ व त्यापुढच्या फोनांवर ती त्याच डिसेंबरात आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या १६.२ आवृत्तीसोबत चालू लागली. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयओएस २६ मध्ये २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर हे फोन गळाले. त्यानंतरच्या रांगेत ११ आहे. शिक्षणाची तीन-चार वर्षे काढायची असतील तर तो फार जुना पडतो. १३ हा २०२१ चा असल्याने, याच चालीने पाहिले तर तो २०२८ च्या आसपासपर्यंत जावा, हा माझा अंदाज.

आता त्या शंभर टक्क्यांविषयी. या पिढीतल्या आयफोनची बॅटरी पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ऐंशी टक्के उरावी, अशा बेताने बनवलेली असते. रोज वापरलेला चार वर्षांपूर्वीचा फोन शंभर टक्के दाखवत असेल, तर त्याची बॅटरी बदललेली आहे एवढाच त्याचा अर्थ. बदलली यात गैर काही नाही. कोणती बसवली हा प्रश्न आहे. सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात अबाउट उघडावे. भाग बदललेला असेल तर तेथे सुटे भाग व दुरुस्तीचा इतिहास दिसतो आणि बॅटरी अस्सल आहे की अनोळखी ते लिहिलेले असते. आयफोन १२ पासून पुढे डिस्प्ले आणि कॅमेऱ्याचीही नोंद तेथे मिळते. अनोळखी भाग दिसला तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात नवी बॅटरी बसवण्याचा खर्च विचारून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगावी. आपण स्वतः दुकान चालवता, त्यामुळे ही घासाघीस कशी करायची ते आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न : चिकोडीजवळच्या आमच्या गावात एक ओळखीचे गृहस्थ गोव्याहून आणलेला भारी फोन अगदी स्वस्तात देत आहेत. बिल हरवले म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : बिलाविना घेऊ नये, असेच मी म्हणेन. ओळखीमुळे नाही म्हणणे जड जात असेल, तर निदान त्या फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असलेला पंधरा अंकी क्रमांक, पाहावा आणि आपल्या फोनवरून केवायएम ही अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो क्रमांक टाकून १४४२२ वर संदेश पाठवावा. हीच तपासणी सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही होते. क्रमांक काळ्या यादीत असेल तर लगेच कळते. मात्र उत्तर स्वच्छ आले म्हणजे फोन चोरीचा नाहीच असे धरू नये. मूळ मालकाने तक्रार नोंदवायची राहिलेली असू शकते. विकणाऱ्याने आपले गुगल किंवा ॲपल खाते आपल्यासमोर, स्वतःचा पासवर्ड टाकून काढले पाहिजे. ते त्याला जमत नसेल तर फोन त्याचा नाही असे समजून चालावे. खाते तसेच ठेवून फोन पुसला, तर सुरू करताना तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वीचा वरच्या मॉडेलचा फोन शहापुरातील एका विक्रेत्याकडे सीलबंद, न उघडलेल्या डब्यात आहे. वापरलेलाच नाही, मग तो नव्यासारखाच समजावा ना?

उत्तर : नव्यासारखा दिसेल, एवढे नक्की. वॉरंटीही बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे सेकंडहँडपेक्षा हा व्यवहार बरा. परंतु सुरक्षा अपडेटची मुदत फोन बाजारात आला तेव्हापासून धावते, आपण डबा उघडला तेव्हापासून नव्हे. त्यातली तीन वर्षे कपाटातच गेली. लिथियम बॅटरीही न वापरता जुनी होते, आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहिली तर अधिकच खराब होते. डब्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते आधी वाचावे. सील दुकानातच फोडून फोन तेथेच सुरू करावा, अर्धा तास चार्जिंगला लावून तापतो का ते हाताने पाहावे, आणि बिलावर आयएमईआय क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.