जुनं ॲक्सेस, नवं ॲक्सेस आणि सभासदांची एकच यादी

प्रश्न : आमच्या वाचनालयात तीन संगणक आहेत. देवघेवीच्या टेबलावर ॲक्सेस २००३ (मायक्रोसॉफ्टचं याद्या-नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर), माझ्याकडे २००७ आणि यंदा देणगीत आलेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं नवं ॲक्सेस. सभासदांची एकच एमडीबी (ॲक्सेसच्या जुन्या प्रकारातली) फाइल आम्ही तिघं उघडायचो. नव्या संगणकावर बसणाऱ्या मुलाने थकबाकी आपोआप दिसावी म्हणून एक रकाना वाढवला आणि फाइल नव्या प्रकारात सेव्ह केली. तेव्हापासून २००३ ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉर्मॅट’, म्हणजे फाइलीचा प्रकार ओळखता येत नाही, असं म्हणतं. देवघेवीच्या बाईंनी मग जुनी फाइल शोधून तिच्यातच काम चालू ठेवलं. आठ दिवसांत तिकडे ६३ पावत्या फाडल्या गेल्या, इकडे ११ नवे सभासद झाले. एक जण म्हणतो, सगळं ९७ च्या प्रकारात सेव्ह करा, कुठेही उघडेल. काय करावं?
— सचिव, सार्वजनिक वाचनालय, सातारा जिल्हा

उत्तर : सचिवसाहेब, त्या ‘एक जणा’ला चहा पाजा आणि त्याचा सल्ला कपातच राहू द्या. ॲक्सेस ९७ मध्ये युनिकोड (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) नव्हतं, ते २००० पासून आलं. तुमच्या यादीतली देवनागरी नावं ९७ च्या फाइलीत गेली की प्रश्नचिन्हं होऊन बसतील. शिवाय २०१३ पासूनचं ॲक्सेस ९७ ची फाइल उघडतच नाही, म्हणजे देणगीचा संगणक बाहेर.

मुलाला रागावू नका. एसीसीडीबी हा नवा प्रकार २००७ बरोबर आला. २००३ ला तो वाचताच येत नाही. नव्याला मात्र जुनी एमडीबी आहे तशी उघडता येते, बदलायची गरजच नव्हती. आणि तक्त्यातच आकडेमोड करणारा तो ‘कॅल्क्युलेटेड’ रकाना आला २०१० मध्ये, म्हणून तुमच्या २००७ लासुद्धा तो तक्ता उघडणार नाही. थकबाकी क्वेरीत (तक्त्यांना विचारलेल्या, साठवून ठेवलेल्या प्रश्नात) काढा. तिथे ती तिन्ही संगणकांवर दिसेल.

आता दोन फायलींचं काय? जुनी एमडीबीच खरी धरा. ६३ पावत्या पुन्हा टाइप करण्यापेक्षा ११ सभासद टाइप करणं सोपं. एका तक्त्यातल्या नोंदी दुसऱ्यात ओतणाऱ्या ॲपेंड क्वेरीच्या भानगडीत पडू नका, अकरा नावांना अर्धा तास पुरे. पण आधी सभासद क्रमांक ताडून बघा. तो ऑटोनंबर (ॲक्सेस आपोआप देतं तो आकडा) असेल, तर दोन्ही फायलींत एकाच आकड्यापासून पुढे चाललेला असणार. या आठ दिवसांत देवघेवीच्या टेबलावरही कोणी नवा सभासद झाला असेल, तर एकच क्रमांक दोन कार्डांवर गेला म्हणून समजा. पावतीपुस्तकातल्या स्थळप्रती समोर ठेवा आणि ज्याचं कार्ड नंतरचं, त्याला नवा क्रमांक द्या. पुढे कार्डावर छापायचा क्रमांक ऑटोनंबरवर सोडू नका.

मग फाइलीचे दोन भाग करा. तक्ते एका फाइलीत, ती मुख्य संगणकावरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट दुसऱ्या फाइलीत, आणि या दुसरीची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर. २००३ मध्ये टूल्स, मग डेटाबेस युटिलिटीज, तिथे डेटाबेस स्प्लिटर आहे. हे काम २००३ वरच करा, ३६५ वर नको. का, ते माझ्याच फजितीतून सांगते.

२००८ साली एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. फॉर्मांची फाइल मी प्रत्येकाला न देता मुख्य संगणकावर एकच ठेवली होती. कोण चार ठिकाणी प्रत टाकत बसणार, हा आळस. एका संध्याकाळी व्यवस्थापकांच्या टेबलावर २००७ आलं आणि त्यांनी ती फाइल नुसती उघडून बंद केली. दुसऱ्या दिवशी २००३ च्या तिन्ही काउंटरवर पावतीवर तारीख येईना. मी विंडोजची तारीख तपासली, प्रिंटर तपासला, दुपारचे दोन वाजले, खातेदारांची रांग जिन्यापर्यंत. शेवटी व्हिज्युअल बेसिकच्या खिडकीत टूल्समधलं रेफरन्सेस (फाइल ज्या बाहेरच्या प्रोग्रामांवर विसंबते, त्या संदर्भांची यादी) उघडलं, तर एक्सेलच्या ओळीपुढे ‘मिसिंग’. माझी फाइल अहवाल एक्सेलमध्ये पाठवायची. एक्सेल ११.० चा (म्हणजे २००३ चा) तो संदर्भ २००७ ने गुपचूप १२.० वर (म्हणजे २००७ वर) नेला होता आणि २००३ ला १२.० कुठून मिळणार? गंमत अशी की एक संदर्भ तुटला की तारीख, फॉरमॅट अशी साधी फंक्शन्सही रुसतात, त्यामुळे दोष भलतीकडेच शोधला जातो.

नवं ॲक्सेस असे संदर्भ वर चढवतं, जुनं ते खाली उतरवत नाही. म्हणून फॉर्ममध्ये काही बदलायचं झालं तर देवघेवीच्या २००३ वरच बदला आणि तिथली प्रत बाकी दोघांना द्या. त्यांच्याकडच्या प्रती बिघडल्या तरी पुसून पुन्हा टाकता येतात.

किरकोळ दोन गोष्टी. तक्ते जोडताना झेड ड्राइव्ह वगैरे नको, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या. आणि त्या फोल्डरमध्ये तिघांनाही फाइल तयार करण्याची व पुसण्याची परवानगी हवी. कुणी तक्त्यांची फाइल उघडली की शेजारी एलडीबी नावाची छोटी फाइल उगवते, कोण आत आहे याची नोंद तिच्यात राहते. ती तयार करता आली नाही, तर पहिला माणूस फाइल अडवून बसतो आणि बाकीचे बाहेर. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात मात्र ही तक्त्यांची फाइल ठेवू नका, दोघांनी एकदम लिहिलं की दोन प्रती होतात, आणि त्याचा अनुभव तुम्हाला आलाच आहे.

देवघेवीचा संगणक पुढेमागे बदललात, तर नव्यावर ॲक्सेसचा रनटाइम टाका. तो फुकट मिळतो, फॉर्म बनवता येत नाहीत पण वापरता येतात. मग खुशाल एसीसीडीबीकडे जा.

हे सगळं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा, आधी दोन्ही फायली पेनड्राइव्हवर घेऊन. आणि देवघेवीच्या बाईंना शेजारी बसवा. जुनी फाइल कुठे आहे, हे त्यांनाच माहीत होतं.