वाचकांचे प्रश्न : अख्ख्या गावासाठी एकच पुस्तक

सार्वजनिक ग्रंथालयामार्फत सगळ्या गावाने मिळून एक पुस्तक वाचण्याच्या उपक्रमाविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : पुस्तक सभासदांच्या मतदानाने निवडावं, असं आमच्या कार्यकारिणीचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण नेमकं कारण सांगता येत नाही.

खुल्या मतदानात निवडून येतं ते सगळ्यांना आधीच नावाने माहीत असलेलं पुस्तक. निम्म्यांनी ते कधीतरी वाचलेलं असतं आणि उरलेल्यांना ते न वाचताच त्यावर बोलण्याचा सराव झालेला असतो. मतदान जरूर ठेवा, पण शेवटच्या टप्प्यावर.

त्याआधी ७ किंवा ९ जणांची समिती नेमा. ग्रंथपाल, एखादे शिक्षक, एक-दोन तरुण हवेतच. शिवाय वर्षाकाठी चार-पाचच पुस्तकं नेणारा एक सभासद आवर्जून घ्या. पुस्तक कुठे कंटाळवाणं होतं, हे पट्टीच्या वाचकाला कळत नाही. या माणसाला बरोबर कळतं. २०-२५ नावांतून ५ काढा, ती पाचही प्रत्येकाने अथपासून इतिपर्यंत वाचा आणि त्यातली ३ मतदानाला ठेवा. तिन्हींपैकी कुठलंही निवडून आलं तरी समितीची हरकत असता कामा नये, आणि तिन्हींच्या पुरेशा प्रती मिळतात याची मतदानाआधीच खात्री करून घ्या.

‘सर्वांत चांगलं’ पुस्तक शोधत बसू नका, समित्या तिथेच अडतात. २०० ते ३०० पानं, सहज मिळणाऱ्या प्रती आणि दोन समंजस माणसांचं ज्यावर एकमत होणार नाही असा विषय, एवढं बघा. ही कल्पना १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक ग्रंथालयातून सुरू झाली, २००१ मध्ये शिकागोने ती उचलली. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मात्र निवड समितीतच दोन पुस्तकांवरून दोन तट पडले आणि सगळ्या शहराचं एक पुस्तक काही ठरलं नाही.

प्रश्न : साधारण १२० जण भाग घेतील असा अंदाज आहे. किती प्रती घ्याव्यात? गेल्या खेपेला चर्चेच्या दिवशी निम्म्या लोकांच्या हातात पुस्तकच पडलं नव्हतं.

बहुतेक ग्रंथालयं उपक्रमाच्या शेवटच्या तारखेपर्यंतचा हिशेब करतात. हिशेब धरायचा तो चर्चेच्या तारखेपर्यंतचा. त्यानंतर मिळालेली प्रत देवघेवीच्या नोंदीत दिसते, चर्चेत दिसत नाही.

समजा, वितरण सुरू झाल्यापासून चर्चा ४२ दिवसांनी आहे. पुस्तक १४ दिवसांसाठी दिलं जातं. पण उशिरा येणं, पुढच्याला फोन, त्याने येऊन नेणं यात आणखी ४ दिवस जातात. म्हणजे एका फेरीला १८ दिवस, चर्चेआधी फक्त दोन फेऱ्या. १२० वाचकांना ६० प्रती लागतील. मुदत १० दिवसांवर आणली तर फेरी १४ दिवसांची होते, तीन फेऱ्या बसतात आणि ४० प्रतींत काम भागतं. अडीचशे पानांना १० दिवस पुरतात. मात्र नूतनीकरण पूर्ण बंद ठेवा. एकाला दिलेली सवलत रांगेतल्या सगळ्यांना भोवते.

या ४० शिवाय प्रत्येक चर्चा-संचालकाला एक कायमची प्रत, २ प्रती ग्रंथालयातच बसून वाचण्यासाठी आणि हरवणाऱ्या-फाटणाऱ्यांसाठी ३-४ जादा. काहीजण स्वतःची प्रत विकत घेतातच, पण ती जमेत धरू नका.

मागणी नोंदवण्याआधी प्रकाशकाकडून किती प्रती शिल्लक आहेत ते लेखी मागवा. पुनर्मुद्रण करावं लागणार असेल तर वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. म्हणून पुस्तक चर्चेच्या निदान चार महिने आधी ठरलेलं असावं. सगळ्या प्रती शक्यतो एकाच आवृत्तीच्या घ्या. नाहीतर कोणी ‘पान ११२’ म्हणतं आणि अर्धं मंडळ भलतंच पान उघडून बसतं. आवृत्त्या वेगळ्या असतीलच तर संदर्भ प्रकरणाच्या क्रमांकाने द्यायचा, हे आधीच सांगून ठेवा. उपक्रमाच्या प्रतींच्या पुठ्ठ्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि त्या देवघेवीच्या टेबलाशेजारी वेगळ्या मांडा. एरवीच्या कपाटात गेलेली प्रत आठवडाभर सापडत नाही.

प्रती कमी पडल्या म्हणून झेरॉक्स काढून वाटू नका किंवा पीडीएफ फिरवू नका. स्वामित्वहक्क चालू असलेल्या पुस्तकाच्या बाबतीत तो सरळ हक्कभंग ठरतो. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क राहतो, युरोपीय संघात ७० वर्षं. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. मूळ लेखन मुक्त झालं म्हणजे अनुवादही मुक्त झाला असं नाही.

प्रश्न : चर्चा रंगत नाही. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे ऐकतात, आणि शेवटी आभार.

आधी खुर्च्या बघा. समोर टेबल, त्यावर माईक आणि पुढे रांगा अशी मांडणी असेल तर लोक भाषण ऐकायलाच बसतात. ८ ते १२ जणांचं गोल कोंडाळं करा. माणसं ४० आली तर चार कोंडाळी आणि चार संचालक. एका मोठ्या कोंडाळ्यावर भागवू नका. वेळ ७५ ते ९० मिनिटं.

मग प्रश्न. ‘पुस्तक आवडलं का?’ याचं उत्तर एका शब्दात संपतं. ‘लेखकाला काय सांगायचं आहे?’ हा तर परीक्षेतलाच प्रश्न, तो ऐकला की मोठी माणसंसुद्धा मान खाली घालतात. प्रश्न पुस्तकातल्या एखाद्या ठिकाणी बोट ठेवणारा हवा. कथेत थोरली बहीण घर विकायच्या कागदावर सही करते, असा प्रसंग आहे असं धरा. ‘तिने सही करायला नको होती असं कोणाला वाटतं? आणि तिच्या जागी धाकटा असता तर?’ असं विचारलं की आधीच्या प्रकरणांतले पुरावे लोक आपणहून काढू लागतात, पानं चाळली जातात. संचालकाने असे ८-१० प्रश्न तयार ठेवावेत. त्यातले चार झाले तरी बैठक चांगली झाली.

सुरुवातीला प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं : मी कोणत्या ओळीपाशी थांबलो. एकदा तोंड उघडलेला माणूस पुन्हा बोलतो. पहिली वीस मिनिटं गप्प राहिलेला बहुधा शेवटपर्यंत गप्प राहतो. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर मनात दहा अंक मोजा. संचालक घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला लोक त्याच्याच उत्तराची वाट बघतात. फार बोलणाऱ्याला ‘तुमचा मुद्दा धरून ठेवू, आता अजून न बोललेल्यांचं ऐकू’ एवढं म्हणणं पुरतं. ज्यांचं वाचून पूर्ण झालेलं नाही त्यांनाही बसू द्या, फक्त शेवट उघड होणार असल्याची कल्पना आधी द्या.

प्रश्न : लेखिका यायला तयार आहेत. उद्घाटनालाच बोलवावं ना?

नको. तेव्हा कोणी वाचलेलं नसतं, त्यामुळे प्रश्न ‘तुम्हाला लिहायची प्रेरणा कशी मिळाली’ याच्या पुढे सरकत नाहीत. शिवाय लेखिकेने एकदा अर्थ सांगितला की वाचक आपला अर्थ मागे घेतात. चर्चा उरकल्यावर बोलवा आणि त्या चर्चांत निघालेले पाच-सहा प्रश्न त्यांना आठवडाभर आधी पाठवून द्या. मानधन आणि प्रवासखर्च पहिल्याच पत्रात लिहा.

प्रश्न : दृष्टिहीन सभासद आणि ज्यांना सलग वाचवत नाही अशी वडीलधारी मंडळी यांना कसं सामील करून घ्यावं?

वडीलधाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा प्रकट वाचन ठेवा. एक पान मोठ्याने वाचायला साधारण दोन ते अडीच मिनिटं लागतात. म्हणजे २५ मिनिटांच्या एका बैठकीत दहा-बारा पानं. सहा आठवड्यांत सगळं पुस्तक होणार नाही, तेव्हा वाचायचे भाग आधीच निवडा आणि मधला दुवा दोन-तीन वाक्यांत सांगा. नाटकी आवाज काढणारा वाचक टाळलेला बरा. सलग उतारे जाहीर वाचायचे तर प्रकाशकाची लेखी परवानगी घेऊन ठेवा.

दृष्टिहीनांसाठी परिस्थिती बरीच सोपी आहे. २०१३ च्या माराकेश करारामुळे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रित किंवा अन्य सुलभ स्वरूपातल्या प्रती हक्कधारकाच्या परवानगीविना तयार करता येतात. या करारावर २०१४ मध्ये सर्वांत आधी शिक्कामोर्तब केलं ते भारताने. अशी प्रत अन्य कोणाला मात्र देता येत नाही. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पुस्तक ठरल्याच्या आठवड्यातच काम सुरू करा. लहान मुलांना हेच पुस्तक सोपं करून देण्यापेक्षा त्याच विषयावरची त्यांच्या वयाची दोन-तीन पुस्तकं जोडीला ठेवावीत.

प्रश्न : उपक्रम झाल्यावर एकाच पुस्तकाच्या ४० प्रती कपाट अडवून बसतात. त्यांचं काय करावं?

४-५ स्वतःच्या संग्रहात ठेवा. उरलेल्यांचे दहा-दहा प्रतींचे संच करा, प्रत्येकात चर्चेचे प्रश्न आणि संचालकासाठीच्या सूचनांचा एक कागद घाला आणि वाचक मंडळांना, महाविद्यालयांना सहा आठवड्यांच्या मुदतीने द्या. संच एकाच्या नावावर नोंदवा. दहा जणांच्या नावांवर दहा प्रती चढवल्या की वसुली कोणाकडून करायची हेच कळत नाही. शेजारच्या ग्रंथालयाने असाच उपक्रम केला असेल तर संचांची सरळ अदलाबदल करता येते, आणि पुढच्या वर्षीच्या निम्म्या प्रतींचा प्रश्न खरेदी न करताच सुटतो.