मेंदूतल्या ॲन्युरिझमचं, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याचं, वर्गीकरण कसं करतात? शस्त्रक्रिया ठरवताना फक्त आकार बघतात का?

नाही. २५ मिमी किंवा त्याहून मोठा फुगा 'जायंट' म्हणतात खरा, पण खरी मेख मानेत असते, म्हणजे फुगा रक्तवाहिनीला जिथे चिकटतो तिथे. मान ४ मिमी किंवा जास्त असेल, किंवा फुग्याची रुंदी मानेच्या दुपटीहून कमी असेल, तर नुसती कॉइल (फुगा आतून भरणारी बारीक तारेची गुंडाळी) आत टिकत नाही, मूळ वाहिनीत घसरते; मग स्टेंट (वाहिनीत बसवायची जाळीदार नळी) किंवा वाहिनीत तात्पुरता फुगवलेल्या बलूनचा आधार लागतो, नाहीतर क्लिप (मानेवर बाहेरून लावायचा चिमटा). पिशवीसारख्या ॲन्युरिझमला क्लिप लावता येते. पूर्ण वाहिनीच फुगलेली असेल तर पकडायला मानच नसते. सगळ्यात फसवा प्रकार ब्लिस्टर: दिसायला इवलासा, भिंत इतकी पातळ की क्लिप मिटताना फाटते. जागाही बघतात. मेंदूच्या बाजूच्या मिडल सेरेब्रल धमनीच्या दुभाजनावर क्लिप सोयीची, मेंदूच्या तळाशी खोलवर असलेल्या बॅसिलर धमनीच्या टोकाशी सहसा वाहिनीच्या आतूनच उपचार.