'आर्थर' या कार्टूनमधली लक्षात राहणारी पात्रं कोणती? मुलांना त्यातून काही शिकायला मिळतं का?

या प्रश्नाला बहुतेक जण आर्थर, बस्टर आणि डी. डब्ल्यू. ही तीन नावं सांगतील. मी फ्रान्सिनचं नाव घेईन, आणि तिच्याही आधी तिच्या वडिलांचं. ऑलिव्हर फ्रेन्स्की. गावातला कचरा उचलणारी गाडी चालवतो. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये नायकाच्या जवळच्या मैत्रिणीचा बाप कचऱ्याच्या गाडीवर आहे आणि त्याची चेष्टा करायला त्याला तिथे ठेवलेलं नाही, हे मी तोवर कुठल्याच देशाच्या टीव्हीवर पाहिलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे आणि 'नुसती करमणूक नको, काहीतरी शिकवणारं हवं'. मग आधीच सांगतो, एबीसीडी आणि आकडे शिकवायला हे कार्टून नाही. त्यासाठी 'सेसमी स्ट्रीट' आहे, ते 1969 पासून तेच काम करतंय. 'आर्थर' चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी काढलं, आणि ते शिकवतं ते शेजारीपाजारी, वर्गात, घरात कसं वागायचं ते. तेही उपदेश न करता. प्राण्यांची तोंडं आहेत, पण भांडणं अगदी माणसांची.

आम्ही 1998 साली सांगलीहून न्यू जर्सीला आलो. आक्काने भावाच्या नात्याने अर्ज भरला होता. त्या कोट्यात दहा वर्षांच्या वर थांबावं लागतं. अर्ज भरला तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं आणि व्हिसा हातात आला तेव्हा लेक पहिलीत होती. सांगलीत मी फिटर होतो. इथे त्या अनुभवाला कागदाचा आधार नव्हता, म्हणून गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, लागलो. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. न्यू जर्सीत 1949 पासून कायदा आहे, गाडीवाल्याने स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायचं नाही, भरायला माणूस पाहिजे. त्या एका कायद्यावर आमच्यासारख्या कितीतरी घरांची इथली पहिली चूल पेटली आहे. गॅलनला डॉलरच्या आसपास भाव होता. गाडी आली की खिडकीशी जायचं, किती भरायचं विचारायचं, नळी लावायची, पुढची काच पुसायची, पैसे घ्यायचे. जानेवारीत हातमोजे पेट्रोलने भिजून कडक व्हायचे आणि बोटं वाकायची नाहीत. कामात कमीपणा काहीच नव्हता, फक्त अंगाला वास राहायचा. घरी आलो की आधी आंघोळ, मग लेकीला जवळ घ्यायचं, असा माझा नियम होता.

केबल घेणं परवडणारं नव्हतं. अँटेना लावली की तेरा नंबरवर पीबीएस ही सार्वजनिक वाहिनी फुकट दिसायची आणि त्यावर 'आर्थर'. हे 1996 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. बॉस्टनचं डब्ल्यूजीबीएच हे टीव्ही केंद्र आणि माँट्रियालची सिनार ही कंपनी अशा दोघांनी मिळून काढलं. मूळ पुस्तकं मार्क ब्राउन यांची, पहिलं 1976 चं, त्यात आर्डव्हार्क (मुंग्या खाणारा, लांब नाकाचा प्राणी) असलेल्या आर्थरला स्वतःचं लांब नाक आवडत नसतं. शाळेचं नाव लेकवूड, ते ब्राउन लहानपणी ज्या शाळेत जायचे तिचंच. म्हणजे कार्टूनमधलं एलवूड सिटी हे गाव हवेतलं नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या ईरीच्या बाजूला वाढलेल्या माणसाने आपली गल्ली, आपली शाळा डोळ्यांसमोर ठेवून ते रचलंय, आणि ते दिसतं.

पात्रांचं म्हणाल तर आर्थर स्वतः सगळ्यात साधा आहे, आणि मला वाटतं तो मुद्दामच तसा ठेवलाय. तो मध्ये उभा राहतो म्हणून बाकीचे उठून दिसतात. पहिल्याच भागात त्याला चष्मा लागतो आणि वर्गातली पोरं चिडवतात. बस्टर ससा आहे, खादाड, परग्रहावरच्या लोकांवर त्याचा ठाम विश्वास. त्याच्या आईवडिलांचा घटस्फोट झालाय, बाप विमान चालवतो, आई वर्तमानपत्राची संपादक आहे, आणि त्याला दमा आहे. हे सगळं त्याच्या रोजच्या जगण्यात मिसळलेलं आहे, कुणी त्याच्याकडे बघून उसासे टाकत नाही. डी. डब्ल्यू. ही आर्थरची धाकटी बहीण. अशी बहीण प्रत्येक घरात असते, तिच्याबद्दल जास्त काय सांगू. जॉर्ज हा मूस, त्याला अक्षरं उलटीसुलटी दिसतात, म्हणजे डिस्लेक्सिया. पुढे कार्ल नावाचा मुलगा येतो, त्याला अ‍ॅस्पर्गर्स, म्हणजे ऑटिझमचा एक प्रकार, आहे, आणि जॉर्ज त्याच्याशी मैत्री कशी करायची ते हळूहळू शिकतो.

बिंकीवर मात्र दोन शब्द जास्त बोलतो. दांडगट पोरगा, तिसरीत दुसऱ्यांदा बसलेला, दादागिरी करणाऱ्यांच्या टोळीतला. आणि हाच क्लॅरिनेट वाजवतो, याला फुलपाखरांचं वेड आहे. आमच्याकडे असल्या पोराला सगळे मिळून एकदाच 'वाया गेलेला' ठरवून मोकळे होतात. इथे त्याला शिक्षाही होते आणि त्याचं क्लॅरिनेटही ऐकलं जातं. पुढे त्याचे आईवडील चीनमधून एक बाळ दत्तक घेतात, मेइ लिन, आणि हा बारा गावचा दांडगोबा तिचा थोरला भाऊ होतो. ते भाग मी लेकीबरोबर नाही, नंतर एकटाच बसून पाहिले. मला लाज वाटत नाही सांगायला.

आता फ्रान्सिन. माकडीण. खेळात सगळ्यात पुढे, ड्रम वाजवते, तोंडाने फटकळ. अपार्टमेंटमध्ये राहते. तिची जिवलग मैत्रीण मफी क्रॉसवायर. मफीचे वडील गाड्या विकणारे मोठे धनी आहेत, तिला शाळेत न्यायला आणायला बेली नावाचा ड्रायव्हर आहे. या दोघींचं पैशावरून सतत वाजतं. एक भाग असा आहे की फ्रान्सिनला वडिलांच्या कामाची लाज वाटायला लागते. बाकीच्यांचे आईबाप काय काय करतात आणि आपला बाप कचरा उचलतो. ती ते लपवायला बघते. भाग संपेपर्यंत ती लाज उरत नाही.

हा भाग आमच्या घरी लागला त्याच्या थोडंसं आधी गणपती झाले होते. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मंडळाने कार्यक्रम ठेवला होता. तिथे दाजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, माझी ओळख करून दिली, "हा आमचा मेहुणा, एनर्जी सेक्टरमध्ये आहे." मी गप्प बसलो. चारचौघांत थोरल्या माणसाला काय बोलायचं. पण परत येताना गाडीत ते माझ्या लेकीला म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगायचं, बाबांचा बिझनेस आहे. काय?" लेक मागच्या सीटवर मोदकाचा डबा मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, "कसला बिझनेस?" दाजी हसले. मी हसलो नाही.

तर फ्रान्सिनचा भाग. मी त्या दिवशी सकाळची पाळी करून आलो होतो, आंघोळ झाली होती, लेकीच्या शेजारी खाली सतरंजीवर बसलो होतो. भाग संपला आणि तिने विचारलं, "फ्रान्सिनच्या बाबांच्या अंगाला वास येत असेल का?" मी म्हटलं, येत असेल की. "मग ती त्यांना मिठी मारते?" मी म्हटलं, तू आत्ता बघितलंस ना, मग तूच सांग. ती थोडा वेळ टीव्हीकडेच बघत बसली. दुसऱ्या दिवशी मी दारातून आत आलो तर आंघोळीची वाट न बघता कमरेला येऊन चिकटली, मोठ्याने श्वास ओढला आणि "ईई, गॅस" म्हणून पळाली. पुढे कित्येक महिने तो तिचा रोजचा खेळ होता.

त्या दिवाळीला दाजींच्या घरी फराळाला पंधरावीस माणसं होती. एका काकांनी तिला इंग्रजीतून विचारलं, बाबा काय करतात. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, "बाबा गॅस भरतात. काच पण पुसतात." काका म्हणाले, "अरे वा, मग आमची पण पुसून द्या," आणि चकली उचलून पुढे गेले. कुणाचं काही बिघडलं नाही. पण स्वयंपाकघरात दाजी आक्काला म्हणाले, "त्या कार्टूनने पोरीला बिघडवलंय. मुलांनी वर बघायला पाहिजे, ही खाली बघायला शिकतेय." मी पाणी प्यायला आत गेलो होतो, तेव्हा ते ऐकलं. त्यावर मी जे बोललो त्यातून आमचं बोलणं बरेच दिवस बंद होतं.

त्यांचं म्हणणं मला आजही पटत नाही. मुलांनी वर बघावं, मान्य. पण वर बघण्यासाठी बापाचं काम लपवावं लागत असेल तर ते मूल वर बघत नाही, आजूबाजूला कोण बघतंय का तेवढंच बघतं. 'आर्थर'मध्ये श्रीमंती लपवलेली नाही आणि गरिबीचा गौरवही केलेला नाही. मफीकडे लिमोझिन आहे, फ्रान्सिनकडे नाही, त्याचा फ्रान्सिनला राग येतो, तो राग दाखवलाय. आर्थरची आई घरी बसून लोकांचे हिशेब, टॅक्स बघते आणि बाप केटरिंग करतो, घरात ओट्यापाशी तोच असतो. त्यावर कुणी विनोद करत नाही. आमच्याकडे जो पुरुष लोकांच्या ऑर्डरी घेऊन पुरणपोळ्या लाटतो त्याच्यावर अजून होतात. फ्रान्सिनचं घर ज्यू आहे. एका भागात ती योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास धरते आणि तिला तो झेपत नाही. आमची लेक तेव्हा आईचं बघून संकष्टी करायला बघायची, तिला हे लगेच कळलं असतं. वर, खाली असल्या पायऱ्या त्या गावात नाहीतच, सगळे एकाच वर्गात, एकाच रॅटबर्न मास्तरांचा गृहपाठ करत रडतात.

2022 च्या फेब्रुवारीत पंचवीस सीझननंतर शेवटचा भाग आला, त्यात वीस वर्षांनंतरची सगळी मोठी झालेली दाखवली आहेत. आर्थर चित्रकथा लिहितो. बस्टर शिक्षक झालाय. डी. डब्ल्यू. पोलिसात आहे. मफी महापौरपदाची निवडणूक लढवतेय. आणि फ्रान्सिनची बुटांची कंपनी आहे. दाजींनी फोन करून सांगितलं, "बघ, झाली ना शेवटी मालकीण?" म्हणजे त्यांच्याही लक्षात होतं! झाली मालकीण, दाजी. कचऱ्याच्या गाडीवरच्या बापाची पोर म्हणूनच झाली, ते खोडून नाही. आणि जॉर्ज शुगर बोल हे गावातलं आइस्क्रीमचं दुकान चालवतो, त्याच्या टेबलांवर ही सगळी येऊन बसतात, कोण कुठल्या सेक्टरमध्ये आहे ते न विचारता.

दाजींबद्दल एवढं वाचून गैरसमज नको. ते नसते तर आम्ही इथे आलो नसतो. पहिली थंडी त्यांच्या बेसमेंटमध्ये काढली, भाड्याचा विषयही त्यांनी निघू दिला नाही. ते स्वतः इथे आले तेव्हा चारचौघांत नाव खाली जाऊ नये म्हणून किती जपून राहिले असतील हे मला समजतं. मी पुढे ब्लॅक सीलची परीक्षा देऊन बॉयलर चालवायचं लायसन्स काढलं, आता एका शाळेचा बॉयलर सांभाळतो, आणि ती परीक्षा दे म्हणून मागे लागणारे दाजीच होते. पण या एका मुद्द्यावर मी हटणार नाही.

तुमच्या मुलाचं राहिलंच. सुरुवातीचे सीझन आधी दाखवा. 2012 नंतर चित्रं काढायची पद्धत बदलली, ती मला सपाट वाटते. सगळे भाग सहा वर्षांच्या मुलाला नकोत. शाळेत जेवण वाढणाऱ्या मिसेस मॅकग्रेडींना कॅन्सर होतो तो भाग, किंवा शाळेला आग लागते तो, हे दोन्ही तुम्ही शेजारी बसणार असाल तरच. आर्थर चिडून डी. डब्ल्यू.ला ठोसा मारतो तो भाग घरात दोन भावंडं असतील तर जरा उशिरा. अमेरिकन शाळेच्या बऱ्याच गोष्टी समजावून सांगाव्या लागतील आणि इंग्रजी भराभर बोलतात, तेव्हा अधूनमधून थांबवा.

पहिल्यांदा चष्म्याचा भाग लावा, मग डी. डब्ल्यू.च्या लायब्ररी कार्डाचा. त्यात ती कार्डासाठी स्वतःचं नाव लिहायला शिकते आणि हवं ते पुस्तक मिळाल्यावर फाटेल म्हणून त्याला हातच लावत नाही. तुमच्या मुलाला तो आवडेलच. फ्रान्सिनच्या वडिलांचा भाग मात्र राखून ठेवा. वर्गात 'तुझे बाबा काय करतात, तुझी आई काय करते' सुरू झालं की लावा, आणि त्या दिवशी घरात जे कुणी कामावरून येईल त्यांना कपडे बदलायच्या आधी शेजारी बसवा.