ठाण्यात रोज चालवायची स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पण न्यायचीय, सस्पेन्शन कसं सेट करू?

तुम्ही लिहिलंय की जुनी पोर्शे केमन घेतलीय, रोज मानपाड्याहून ऐरोलीला ऑफिस, वर्षातून एखाद-दोनदा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायची, आणि कॉइलओव्हरवाला (कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर, आपला शॉकअप, यांचा उंची बदलता येणारा संच) म्हणतोय १० किलोच्या स्प्रिंगा टाका, ४० मिमी खाली घ्या, मस्त बसेल. दिसायला बसेल हो मस्त. मी पण ठाण्यातच राहतो आणि गाडी अशीच दोन्हीकडे वापरतो, म्हणून सांगतो, सेटअप घोडबंदर रोड धरून करा आणि ट्रॅकसाठी फक्त तेवढंच बदला जे पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) अर्ध्या तासात बदलता येतं.

आधी ते १० किलो बघू. म्हणजे स्प्रिंग १ मिमी दाबायला १० किलो लागतात. केमनला पुढे-मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-डॅम्परचा उभा खांब थेट चाकाच्या हबला जोडलेला, त्यामुळे स्प्रिंगचा रेट जवळपास तसाच चाकापर्यंत पोचतो. पुढच्या एका स्प्रिंगवर साधारण ३०० किलो वजन धरलं तर ती फक्त ३० मिमी दबून बसणार, आणि हिशोब केला तर २.९ हर्ट्झ येतात, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला २.९ वेळा वर-खाली, हा विंग आणि स्लिक (बिननक्षीच्या) टायरवाल्या रेस गाड्यांचा आकडा झाला राव. ५ किलोला २ हर्ट्झ येतो, ६ ला २.२. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ मधे असतात. पुढे ५-६ च्या वर जाऊ नका, मागे थोडी जास्त चालेल, इंजिन सीटच्या मागे आहे म्हणून वजन तिकडे जास्त. पेव्हर ब्लॉकवर चाक उडत असेल तर ग्रिप कुठून येणार? आणि हो, डॅम्परचं व्हाल्व्हिंग (आतल्या व्हाल्व्हचं सेटिंग) कुठल्या रेटसाठी केलंय हे त्याला विचाराच, उत्तर देताना अडखळला तर दुकान बदला.

४० मिमी तर अजिबात नको. मॅकफर्सनमधे गाडी खूप खाली घेतली की खालचे आर्म उलटे झुकतात, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतं, दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे एवढं करून गाडी वळणात झुकायलाच बघणार. शिवाय कॅम्बर गेन (सस्पेन्शन दबताना चाकाचं डोकं आत झुकणं) जातो, टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. १५-२० मिमी पुरे.

बसवल्यावर हे नक्की करा. डॅम्परच्या चकचकीत रॉडवर एक झिप टाय घाला, घट्ट पण सरकेल असा, आणि खाली डॅम्परच्या बॉडीला टेकवून ठेवा. मग गायमुख घाटातून एक चक्कर मारा, पुलांचे जॉइंट येऊ देत, सोसायटीच्या गेटसमोरचा स्पीड ब्रेकर पण येऊ दे (आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) हिशोबाने तो १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर लांब हवा, आपल्याकडे डांबराचा ढिगारा असतो ते सोडा). घरी आलात की चाक वळवून टॉर्च मारून बघा टाय कुठपर्यंत ढकलला गेलाय. बंप स्टॉपला (रॉडवरच्या शेवटच्या रबरी ठोकळ्याला) जाऊन चिकटला असेल तर तुमच्याकडे ट्रॅव्हलच उरलेला नाही, गाडी वर घ्या. डॅम्परचे क्लिक (कडकपणा बदलायच्या नॉबचे टप्पे) फिरवून काही होणार नाही.

क्लिक मोजताना आधी पूर्ण घट्ट करा आणि तिथून मागे मोजा, आकडा फोनमधे लिहून ठेवा. रोडवर रिबाउंड (स्प्रिंग उघडतानाचा डॅम्परचा विरोध) जास्त घट्ट ठेवलात तर ओळीने आलेल्या रम्बलर पट्ट्यांवर स्प्रिंगला उघडायला वेळच मिळत नाही, गाडी प्रत्येक पट्टीला थोडी थोडी खाली बसत जाते आणि सगळे शिव्या घालतात स्प्रिंगला. हाय-स्पीड बंपचा (स्प्रिंग दबतानाच्या विरोधाचा) नॉब वेगळा असेल तर तो रोडसाठी मोकळा सोडा. तिथला स्पीड गाडीचा नाही, डॅम्परच्या पिस्टनचा, खड्ड्यात ३० ने गेलात तरी तो हाय-स्पीडच. ट्रॅकला लो-स्पीड बंप आणि रिबाउंड दोन-तीन क्लिक वाढवून बघा, एका वेळी एकच.

अलाइनमेंटमधे कॅम्बर (चाकाचं डोकं आत झुकणं) पुढे उणे २ अंश, मागे त्याच्या आसपास. पुढे एवढा कॅम्बर कंपनीच्या माउंटवर बहुतेक मिळणार नाही, कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक सरकवता येणारा माउंट) लागेल. पुढे टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत की बाहेर) शून्य, मागे दोन्हीकडे सारखाच किंचित टो-इन. टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरवर ढकलतात, बऱ्याचदा खरा चोर टो असतो. मोजताना ड्रायव्हर सीटवर तुमच्या वजनाएवढ्या तांदळाच्या गोण्या ठेवायला सांगा, अलाइनमेंटवाला हसला तर हसू दे. कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन मोजून जुळवणं) करणार असाल तर त्याआधी अँटी-रोल बारच्या (गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडायला विसरू नका.

ट्रॅकवर सगळ्यात जास्त फरक हवेने पडतो आणि तिला पैसे लागत नाहीत. टायर ५-६ अंश तापला की साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून सेशन संपल्या संपल्या गरम टायरमधे मोजून जास्तीची हवा सोडा. आणि गाडी चालवत परत आणणार असाल तर निघायच्या आधी टायर थंड झाल्यावर परत भरा, चेन्नई ते ठाणे तेराशे किलोमीटर आहे, कमी हवेत यायचं अंतर नाही ते.

खाडीची खारट हवा आणि पावसाळ्यातला चिखल, यात कॉइलओव्हरच्या उंची बदलायच्या कॉलर जाम होतात. मे महिन्यात थ्रेड ब्रशने साफ करून अँटी-सीझ लावून घ्या. इन्शुरन्सची पॉलिसी पण एकदा उघडून वाचा, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यात सहसा वगळलेलं असतं.