पोकरमध्ये रिव्हरला मोठी बेट कधी मारायची
भावा, रिव्हरला, म्हणजे टेबलवरचा पाचवा आणि शेवटचा पत्ता उघडल्यावर, डेअरिंग दाखवायची हौस सगळ्यांनाच असते पण आधी गणित बघ. पॉटमध्ये (मधे जमलेल्या पैशात) 1000 आहेत आणि तू 500 चा ब्लफ मारलास (हातात काही नसताना बेट लावलीस) तर तीनातून एकदा जरी समोरच्याने पत्ते टाकले तरी तू बरोबरीत, पूर्ण 1000 लावलेस तर मात्र दोनातून एकदा टाकायला लागतात.

आता नवीन लोकं हमखास काय करतात, बदामाचा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) हुकला की चिडून ऑल इन, म्हणजे सगळे पैसे पणाला. अरे तुझ्या हातात दोन बदाम आहेत म्हणजे समोरच्याचाही फ्लश हुकलेला असायची शक्यता कमी, आणि फोल्ड करणारा, म्हणजे पत्ते टाकणारा, तर तोच असतो! त्यापेक्षा बोर्डवर (टेबलवरच्या उघड्या पत्त्यांत) तीन बदाम पडलेत आणि तुझ्याकडे नुसता बदामाचा एक्का आहे तिथे मार, कारण सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही, आणि फ्लॉप टर्नलाही (पहिले तीन आणि मग चौथा पत्ता उघडल्यावरही) तू बेट करत आला असशील तर त्याला ते पटतं.

आणि प्लीज, जो माणूस एका पेअरवर (जोडीवर) शेवटपर्यंत कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे लावून डावात राहतो, त्याला ब्लफ नको, मी गोव्यात मांडवीतल्या बोटीवर अशाच एकाला तीनदा ब्लफ केला आणि तिन्ही वेळा पैसे गेले. त्याच्यासमोर चांगल्या किकरची टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी आणि सोबत हातात दुसरा मोठा पत्ता) लागली की नेहमीपेक्षा मोठी बेट लाव, तो देतो.