परतल्यावर तीन आठवड्यांत सेमिस्टरची फी

प्रश्न: मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या मोठ्या सुट्टीत एका ख्रिस्ती संस्थेच्या तुकडीबरोबर आठ आठवडे परदेशात मिशन सेवेला जायचं ठरवलंय. तिथल्या मंडळीबरोबर (म्हणजे चर्चच्या लोकांबरोबर) मुलांचे वर्ग, युवकांच्या सभा आणि एका शाळेची डागडुजी असं काम आहे. निघायला चार महिने आहेत. तिकिटाचे पैसे सहा आठवड्यांत भरायचेत आणि ते परत मिळत नाहीत. निम्मा खर्च माझ्या बचतीतून, तीस टक्के मंडळीतल्या लोकांनी कबूल केलेत, उरलेल्यासाठी एका अ‍ॅपवरून वर्षभराचं कर्ज, असा बेत आहे. आईबाबांना हा वेडेपणा वाटतो. मित्र म्हणतात, विश्वास ठेव, प्रभू पुरवील. तुम्ही काय म्हणाल? रकमा कृपया छापू नका.

उत्तर: रकमा छापत नाही. संस्थेने सांगितलेला एकूण खर्च १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मोजतो. सोबत पाठवलेला हिशेबाचा कागद नीट केला आहे, त्यामुळे काम सोपं झालं. माझं मत आधीच सांगून टाकतो: सेवेला जरूर जा, पण या सुट्टीत नको. संस्था एकदा पुढच्या वर्षीच्या तुकडीत नाव हलवू देते असं तुम्हीच लिहिलंय. ती सवलत वापरा.

का, ते सांगतो. तुमच्या कागदावर बचत ५० दिसते. पण त्याच कागदाच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ आहे: पुढच्या सेमिस्टरची फी, २८. ती ५० मधलीच आहे, वेगळी नाही. शिवाय आजारपण, लॅपटॉप बंद पडणं, घरून अचानक बोलावणं यासाठी कुणाही विद्यार्थ्याकडे थोडी रक्कम हाताशी हवीच. तुमचा महिन्याचा खर्च पाहता ती १० तरी धरतो. म्हणजे खरोखर मोकळे पैसे १२. निम्मा खर्च माझा, असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात तो आठवा हिस्साही नाही.

आता ती फी कधी भरायची? परतल्यावर तीन आठवड्यांत. पार्टटाइम कामातून महिन्याला ३ बाजूला पडतात. २८ खर्चून बसलात तर ते पुन्हा साठायला नऊ महिन्यांहून जास्त लागतील. तुमच्याकडे तीन आठवडे असतील, आणि त्यातही आधीचे दोन महिने कमाई शून्य. कर्जाची सगळी गंमत इथेच आहे. २० चं कर्ज, वार्षिक २४ टक्के व्याज, बारा हप्ते: हप्ता साधारण १.९ पडतो आणि वर्षअखेर २२.७ च्या आसपास फेडले जातात. व्याजाचे २.७ ऐकायला फार वाटत नाहीत. पण पहिले दोन हप्ते तुम्ही परदेशात असताना येणार, आणि पुढे दर महिन्याच्या बचतीतला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग हप्ताच खाणार. फी मागे पडली की दंड, दंड भरायला दुसरं कर्ज. ‘प्रोसेसिंग फी’ आधीच कापून घेतात, ती या आकड्यात धरलेलीही नाही.

अभ्यासक्रमासाठी शैक्षणिक कर्ज चालू असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. फी न भरल्याने एक सेमिस्टर हुकलं, तर बऱ्याच कर्जांत शिकत असेपर्यंत हप्ते न भरण्याची सवलत अभ्यासक्रमात खंड पडल्यावर संपते. करारातलं ते कलम मला नव्हे, बँकेला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

संस्थेचा १०० चा आकडाही पुरा नाही. त्यात प्रवास, राहणं-जेवण, प्रशिक्षण आणि कार्यालयीन खर्च आहे. पासपोर्टचं नूतनीकरण, व्हिसा, लसी, विमा, तिथला फोन आणि हातखर्च तुमच्या डोक्यावर आहे. मी हे सगळं १४ धरतो. आठ आठवड्यांचा बुडालेला पगार २२, त्यातून तेवढ्या दिवसांचा वसतिगृहाचा आणि जेवणाचा वाचलेला खर्च १२ वजा केला तर निव्वळ फटका १० चा. तेव्हा खरी किंमत १२४. निघेपर्यंतची बचत धरून तुमचे २४. उरलेले १०० लोकांकडून यायला हवेत. आज हातात आलेत ९. कबूल झालेले ३० आहेत हे मी वाचलं, पण कबूल केलेला पैसा मी जमेला धरत नाही. लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे. प्रार्थनासभेनंतर हात वर करणं आणि महिन्याच्या शेवटी पैसे पाठवणं यांत घरखर्च येतो.

लसींबद्दल थोडं, कारण इथे पैसा आणि वेळ दोन्ही अडकतात. हेपटायटिस बीच्या लशीचा नेहमीचा तीन डोसांचा क्रम सहा महिन्यांत पुरा होतो. तुमच्याकडे चार आहेत. घाईचा क्रम असतो, पण त्यात पुढे वर्षाने एक डोस जास्त घ्यावा लागतो. पीतज्वराची लस लागणारा देश असेल तर तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो; मात्र २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, म्हणजे हा खर्च एकदाच. कोणत्या लसी घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतील. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने उरलेली असावी अशी अट बरेच देश घालतात, तीही आजच पाहून घ्या.

विम्यात काटकसर करू नका. तुमच्या कामात शाळेची डागडुजी आहे आणि कितीतरी प्रवासी विमे शिडीवर चढून किंवा यंत्र हाताळून केलेल्या कामातली दुखापत वगळतात. ‘गटाचा विमा आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, पॉलिसीची प्रत मागा. गंभीर आजारात रुग्णाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे पहिलं पाहायचं. एका रात्रीत कुटुंबाला बुडवणारा खर्च तोच असतो.

आता ‘प्रभू पुरवील’. धर्मशास्त्र माझा प्रांत नाही, आणि तुमच्या मित्रांच्या विश्वासावर टिप्पणी करायचं मला कारणही नाही. पण ज्यांची उदाहरणं या संदर्भात हमखास दिली जातात त्यांचे हिशेब पाहण्यासारखे आहेत. ब्रिटिश मिशनरी हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन सुरू केलं, तेव्हा कुणाकडे पैसे मागायचे नाहीत आणि कर्ज काढायचं नाही, असे दोन्ही नियम ठेवले. पहिला नियम सगळ्यांना पाठ असतो, दुसरा सोयीने विसरला जातो. ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्यूलर तर दरवर्षी जमाखर्चाचा अहवाल छापत. पैसे आले नाहीत तर ते उधारी करत नसत, थांबत. अ‍ॅपवरचं कर्ज हे प्रभूने पुरवणं नव्हे. ते पुढच्या वर्षीच्या तुमच्याच कमाईतून पुरवलेलं असतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो (१४:२८). ते वचन तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

लोकांकडे मागायचं नाही असं मात्र मी म्हणत नाही. टेलर यांची वाट त्यांची. बायबलमधला प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा आणि फिलिप्पैच्या मंडळीची मदतही घ्यायचा. १९६० साली सुरू झालेल्या ‘यूथ विथ अ मिशन’सारख्या संस्थांत आजही काम करणारे पगार घेत नाहीत, आपापला आधार स्वतः उभा करतात. मागण्यात कमीपणा नाही. मागायची रीत असते. तुमच्या पत्राचा मसुदा वाचला. त्यात ‘तिथल्या गरीब मुलांचं आयुष्य बदलण्यासाठी’ असं आहे. हे वाक्य काढा. आठ आठवड्यांत ते होणार नाही हे देणाऱ्यांनाही कळतं. १०० पैकी ४५ विमानाला जातात, मग तेवढेच पैसे तिथल्या शाळेला पाठवले तर तिथलाच गवंडी कामाला लागून डागडुजी होणार नाही का, असा प्रश्न मंडळीत कुणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. त्याचं खरं उत्तर असं की या खर्चाचा मोठा भाग तुमच्या घडण्यावर जातो: वेगळ्या मंडळीत राहणं, दुसऱ्याच्या हाताखाली काम करणं, पुढे हेच आयुष्यभर करायचं का ते पडताळणं. ते मोलाचं आहे, पण पत्रात ते तसंच लिहा. मग ज्यांना तुमच्यावर खर्च करायचाय ते करतील, आणि ज्यांना शाळेला द्यायचेत ते शाळेला देतील.

याच ओघात संस्थेला विचारा की तुमच्या तुकडीची मागणी तिथल्या मंडळीने केली होती, की इथून ‘पाठवतो’ म्हणून कळवलं गेलं. उत्तर ऐकून तुमचं काय ठरतं हे तुमच्यावर सोडतो, पण दुसऱ्यांचे पैसे तिथे नेताना हे माहीत नसणं बरं नाही.

पैसे कुणाच्या नावावर जमतायत हा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलाय, मला तो सगळ्यात नाजूक वाटतो. सध्या ते तुमच्या खात्यात, तुमच्या पगारात मिसळतायत. आजच थांबवा. देणग्या संस्थेच्या खात्यात, तुमच्या प्रवासासाठी म्हणून, पावतीसह जाऊ द्या. अनेक देशांत करसवलत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, एखाद्या व्यक्तीच्या हातात दिलेल्या पैशावर नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे: संस्थेकडे गेलेला पैसा बहुधा तुमचा राहत नाही. तुम्ही आजारी पडलात, व्हिसा नाकारला गेला, तुकडीच रद्द झाली, तर तो परत येईल, पुढच्या वर्षाला वर्ग होईल की सर्वसाधारण निधीत जाईल? नियमावलीत ते असतं. ते देणाऱ्यांना पत्रातच कळवा, नंतर नको. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल वर्गणी नेताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूसही धाडतो, एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट ठेवू नये म्हणून. तुम्हीही पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) किंवा खजिनदारांना महिन्यातून एकदा हिशेब दाखवा, त्यांनी मागितला नसला तरी.

वर्ष हातात आलं की आकडे कसे बदलतात बघा. महिन्याला ३ प्रमाणे सोळा महिने, म्हणजे आत्ताचे चार आणि पुढचं वर्ष: ४८, अधिक आजचे १२, म्हणजे ६०. पण मधल्या सेमिस्टरची फीही यातूनच निघणार असेल तर २८ वजा जातील आणि ३२ राहतील. आईबाबांशी बोलण्याचा मुद्दा हाच. त्यांना सहलीचे पैसे मागू नका. मधल्या एका फीचा निम्मा भार ते उचलतील का, एवढंच विचारा. हो म्हणाले तर तुमचे ४६. लोकांकडून लागतील ७८, आणि तेही एकरकमी नाही: महिन्याला ०.५ देणारे दहाजण सोळा महिन्यांत ८० देतात. चार महिन्यांत १०० गोळा करण्यापेक्षा हे माणसांच्या खिशाला झेपणारं आहे. आजच्या कबुलीतले निम्मे लोक तरी यात येतील असं तुमच्या यादीवरून दिसतं.

तरीही याच सुट्टीत जायचं ठाम असेल, तर एक अट घाला आणि ती पाळकांना सांगून ठेवा. तिकिटाच्या तारखेला फीचे २८ आणि हाताशी ठेवलेले १० सोडून ६० जमलेले असले पाहिजेत, कबूल झालेले नव्हे, जमलेले. ५९ असले तरी नाव पुढे ढकलायचं. मला ते जमेलसं वाटत नाही, पण जमलं तर मी चुकल्याचं कळवा. आणखी एक पर्याय तुमच्या पत्रात नुसता येऊन गेलाय: त्याच संस्थेची जवळची, दोन आठवड्यांची तुकडी, खर्च २५. या सुट्टीत तिथे जायला हरकत नाही. नोंदणीचे ५ तिकडे वळवता येतात का विचारा. दोन आठवड्यांत भाषा, आजार, गटातले रुसवेफुगवे यांची चव कळते आणि मोठ्या प्रवासाच्या पत्रात लिहायला काही खरं हाताशी येतं.

शेवटी, यादीतलं पहिलं नाव. निवृत्त शिक्षिका, पेन्शनवर राहणाऱ्या, आणि कबूल केलेत सगळ्यात जास्त: १०. तुम्ही शेजारी कंसात ‘नक्की’ लिहिलंय. त्यांना पत्र पाठवण्याआधी भेटून या. प्रवास वर्षभर पुढे जातोय हे सांगा, एकरकमी देऊ नका म्हणा, महिन्याला जमेल तेवढं आणि जमेल तोवर पुरे असं सांगा. त्या आग्रह करतीलच. पाळकांना बरोबर घेऊन जा.